पावती

दाएंग रापुंगच्या जाळ्यात तो आला
तेव्हा सुरमईचा हंगाम सरत आला होता.
पुरुषभर लांब, राखाडी, दोन आखूड पंख,
ना कल्ले ना खवले,
पोटावरची अक्षरं कुणीतरी घासून काढलेली.
जाळं चार जागी फाटलं.

तीन दिवस तो चुलीमागे पडून होता.
निस्मानं त्याच्यावर लुंगी वाळत घातली,
कोंबडी एकदा बसून गेली.
चौथ्या दिवशी नौदलाची बोट आली
आणि घरातले सगळे त्याच्याभोवती
आजाऱ्याजवळ बोलावं तसं हळू बोलू लागले.

लेफ्टनंट सितोरुस, तोबा तळ्याकाठचा, डोंगरातला,
विचारतो : नेमका कुठे सापडला?
दाएंग सांगतो :
मशिदीचा दिवा वाकड्या माडाआड गेला
की ओळंबा सोडायचा. बेचाळीस वाव.
मेणाला काळी वाळू चिकटली, की तीच जागा.
आकडे सांगा, काका.
आकडे त्याच्या पोटात आहेत, दाएंग म्हणाला

आणि गप्प झाला.
ती जागा बापानं सांगितली होती
मरताना, कानाशी तोंड आणून,
थोरल्याला खोलीबाहेर पाठवून.
तिथलं खारं किती खारं, तळाचा गारवा,
ओढ कुठल्या तिथीला उलटी फिरते.
आता दूरच्या कुठल्या बंदरात
चष्मेवाला एक पोरगा ते वाचत असेल चहा पीत.
पाण्यात पाहणं म्हणजे दावा धरणं.
हा दावा न धरताच पाहतो.

सतरा हजार बेटं, लेफ्टनंट म्हणाला,
बोटी किती ते विचारू नका.
दोन बेटांमधून खालून काय जातं
ते कळतं तुमच्या जाळ्यांमुळेच.
अर्जात मात्र
जाळ्याच्या भरपाईचा रकाना नव्हता.

पावती मिळाली :
वस्तू एक. धातूची. मालक अज्ञात.
निस्मानं ती तांदळाच्या डब्याला
भाताच्या शितानं चिकटवली.

त्या रात्री दाएंग एकटाच गेला. इंजिन बंद केलं.
एरवी इथे तो मोठ्यानं बोलतो,
मेलेल्या बायकोशी, दुखऱ्या गुडघ्याशी,
दुकानदाराच्या नावानं शिव्या.
आज ओठ उघडले, मिटले.
वल्ह्यानं पाण्यावर दोनदा ठोकलं,
परक्याच्या दारावर ठोकावं तसं.

मग दिवा माडाआड जायच्या पुष्कळ आधी,
जिथे कधीच काही लागत नाही अशा जागी
त्यानं शिवलेलं जाळं सोडलं,
आणि मासा मिळाल्यासारखा
जोरात ओरडला.