गुप्ते टेबल धरून बसतो

पौषातला दुसरा रविवार.
उपवनच्या तळ्यापाशी साडेसातला जमायचं ठरतं
आणि आठ वाजून दहा मिनिटांनी
आम्ही एकमेकांच्या टोप्यांना नावं ठेवत निघतो.

पाच जण.
वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडून एकोणीस वर्षं झाली,
पण येऊर चढताना अजून खात्यांप्रमाणेच चालतो:
पुढे प्रॉडक्शन, म्हणजे ठोसर, हात मागे बांधून,
मधे अकाउंट्सच्या दोघी, खोपकर आणि फिलोमिना,
सोन्याच्या भावावरून सुनांच्या स्वभावावर येत,
मग टिपणीस,
आणि सगळ्यांत मागे मी, स्टोअर्स,
कुणाचं काय सांडलं ते उचलत.

टिपणीस मुलाकडे स्वित्झर्लंडला जाऊन आल्यापासून
डोंगराचा विषय निघाला की आवाज खाली आणतो.
तिकडे म्हणे पाटीवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात.
वरचं हॉटेल: पंचावन्न मिनिटं.
"कुणाची पंचावन्न?" फिलोमिना विचारते,
आणि त्यावर विचार करायला
आम्ही सगळेच जरा टेकतो.

सागाच्या वाळक्या पानावर पाय पडला
की पापड मोडल्यासारखं जंगल मोडतं.
ऐनाच्या खोडाला सुसरीची पाठ.
एक तांबट कुठूनतरी टुक टुक करत
आमची हजेरी घेत राहतो.

सावरीपाशी वाट फुटते.
डावीकडची माथ्यावर जाते, लाल मातीची.
उजवीकडची उतारानं सरळ हॉटेलात.
तिथे ठोसर खाली बसला.
बुटाची नाडी सोडली, बांधली,
परत सोडली.
त्याच्या कपाळावर जानेवारीत नसावा तितका घाम होता.
कुणी काही विचारलं नाही.
खोपकर म्हणाली, आज ऊन फार आहे नाही,
आणि सावलीत उभे असलेले आम्ही सगळे म्हणालो,
हो ना, फारच.

गुप्तेचे दोन्ही गुडघे बदललेत.
तो रिक्षानं थेट हॉटेलात येतो,
कडुलिंबाखालचं टेबल धरतो,
बिरडं आहे का ते विचारून ठेवतो,
आणि आम्ही कुंपणाशी दिसलो की घड्याळ बघतो.
"बोला. वर काय काय पाहिलं?"

हाच त्याचा चढ.
एकेकाच्या तोंडून तो एकेक वळण घेतो,
मधेच थांबवतो, मागे नेतो:
कातळावर शेवाळ अजून आहे का, खाडी दिसली का.
"दिसली की," टिपणीस म्हणाला. "धुक्यात, पण दिसली."
"सावरीला कळ्या धरल्यात," मी म्हणाले. एवढं तरी खरं.
"आणि आपल्या शेडच्या जागी?"
तेव्हा ठोसर, पाण्याचा पेला खाली न ठेवता,
"टॉवर. मोजले मी. सत्तावीस मजले."

गुप्तेच्या हातून चमचा पडला.
पडला की पाडला, देव जाणे.
तो वाकला. नव्या गुडघ्यांनी वाकायला वेळ लागतो,
पण इतका नाही.
टेबलाखाली आमचे पाच जोड
करड्या धुळीचे.
माथ्यावरची लाल माती
पुढच्या रविवारपर्यंत शिवणीतून निघत नाही,
हे त्यानंच कधीतरी आम्हाला दाखवलेलं.

एकतीस वर्षं हा माणूस इन्स्पेक्शनला होता.
केसाच्या निम्म्या जाडीचा फरक नखानं सांगायचा.
लाल खडूची फुली मारून
ठोसरचे अख्खे लॉट परत पाठवलेत त्यानं,
आणि त्यापायी दोघं दोन दिवाळ्या बोलले नव्हते.

वर आला तेव्हा चेहरा तांबडा होता.
चमचा रुमालानं पुसला, सावकाश,
दोन्ही बाजूंनी.
ठोसरकडे पाहिलं.
ठोसर सोलकढीत मीठ घालत होता, चव न घेताच.

"सत्तावीस," गुप्ते म्हणाला.
"गेल्या खेपेला पंचवीस होते. वाढवतायत लेकाचे."
मग आत वळून, भोईरांच्या पोराला हाक मारून:
"पाच भाकऱ्या आण रे अजून, गरम.
माणसं पार वरून आलीत."