टेकायची जागा

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत
शेजारच्या शेडमध्ये ऑइल इंजिनचे पंप धडधडतात
आणि मी, भूपाल मगदूम, टर्नर,
दुपारी शटर अर्धं ओढून
रेकॉर्ड प्लेअरचे आर्म करतो.
पोरं म्हणतात, ह्यात काय काम हाय आण्णा?
एक नळी, पुढं सुई, मागं वजन.

नळीचं कामच नाही.
ती टेकते कशावर, त्याचं काम.

दस्तगीर मास्तरांना तीन करून दिले.
पहिला, कड्यात कडं.
चार टोकं, चार स्क्रू, आत मोहरीएवढे छर्रे.
पाव आटा जास्त पिळला की रुसतो,
पाव आटा सैल, की खुळखुळतो
आणि तो खुळखुळ थेट तंबोऱ्यात जाऊन बसतो.
मास्तरांनी ऐकलं. चोख आहे, म्हणाले,
पण बाई जरा परीक्षेला बसल्यागत गातायत.

दुसरा गुजरीत सुचला,
पोतदारांच्या काट्याजवळ रांगेत उभा असताना.
दांडी पात्याच्या धारेवर,
गुंज टाकली की झुकते, आढेवेढे नाहीत.
तसंच पातं घासलं, तशीच खाच पाडली.
वाकलेल्या रेकॉर्डवरून काय जायचा!
रंकाळ्यातली नाव.
आडवं वळायला मात्र त्याला खाली छर्रे लागायचेच.
त्यात मास्तरांच्या नातवानं टेबलाला धक्का दिला
आणि पातं खाचेतून उठलं.
काट्यापुढं कुणी उड्या मारत नाही, एवढंच.

तिसऱ्याला एकच टोक.
भोवऱ्याची आर उलटी उभी केली समजा,
तिच्यावर जुन्या घड्याळातलं माणिक पालथं,
त्यावर सगळा आर्म. आवळलेला कुठंच नाही.
बोट लावलं की झुलतो, पिऊन आल्यागत.
हा पडणार, मास्तर म्हणाले.
पडत नाही.
हुपरीच्या चांदीची दोन वजनं टोकाच्या खाली उतरवलीत,
वाटीत घट्ट तेलाचा थेंब.
झुलतो, झुलतो, मग आपली रेघ आपण धरतो.

संध्याकाळी तिन्हींवर एकच रेकॉर्ड लावली.
भूप, दुसरी बाजू, अगदी लेबलाजवळचा भाग.
तिसऱ्यावर बाईंची बांगडी
तंबोऱ्याच्या भोपळ्याला लागलेली ऐकू आली.
पहिल्यावरही लागली असेल.
तेव्हा मी स्क्रूकडं बघत होतो.

मास्तर गप्प. मग म्हणाले,
इचलकरंजीच्या मित्राला एक पाहिजे,
कड्याचा बरा, धक्काबिक्का सोसेल.

मी हात खिशात घातला. उजवा.
दिवाळीपासून त्याचा अंगठा थरथरतोय,
पाव आटा म्हणजे किती, त्याला ठरवता येत नाही.

टोकाचाच करतो, म्हणालो,
बारके छर्रे मिळत नाहीत हल्ली.

लेथमागच्या डब्यात शंभरेक पडलेत.