झडती

बाबांनी सदतीस वर्षं नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
तावच्या ताव, अजून न कापलेले.
बोटांना शाईचा वास रविवारीसुद्धा.
संध्याकाळी फाटकाशी हात वर करून झडती द्यायची,
मग सायकलवर टांग, जेल रोड,
वाटेत टपरीवरच्या दोन लिमलेटच्या गोळ्या,
एक मला, एक आईला.
"आज किती मोजलेत?" आई विचारायची.
"खूप. आपलं काही नव्हतं त्यात."
हा त्यांचा रोजचा विनोद.
मला तो कितीतरी वर्षं विनोदच वाटला.

जुलैत आईनं कुंपणाच्या तारेवर दुधीचा वेल चढवला,
गळक्या नळाखाली आळं करून.
सप्टेंबरात ती गेली.
वेलाला कुणी सांगितलं नाही.
तो आपला चढत राहिला वाघचौऱ्यांच्या पत्र्यावर,
दिवेलागणीला पांढरी फुलं उघडत राहिला,
आणि दिवाळीच्या मागेपुढे त्यानं एक दुधी धरला.
एकच. मानेत जरा वाकडा.

जेवणाआधी मी डोळे मिटणं सोडलं होतं.
बाबा मिटायचे, मी वरणाकडे बघत बसायचे.
कसले उपकार? कुणाचे?
सिव्हिलच्या वॉर्डात त्या रात्री
नर्सनं आईची उशी उलटी करून दिली, गार बाजू वर, त्याचे?
"हो," बाबा म्हणाले, "त्याचेही."
आणि मीठ मागितलं.

कापणीच्या सणाला दुधी टॉवेलात गुंडाळून
आम्ही रिक्षानं शरणपूरला निघालो.
द्वारकेच्या चौकात वीस मिनिटं अडकलो.
बाबांनी तो मांडीवर धरला होता
बाप्तिस्म्याला नेतात तसा.

वेदीपुढं चटईवर सगळं मांडलेलं:
पिंपळगावचे टोमॅटो, इगतपुरीचं नवं भात,
सलोमीमावशींची बारा अंडी,
आणि पाय बांधलेली एक कोंबडी
जी उपदेशभर पाळकसाहेबांशी वाद घालत होती.
साक्ष द्यायला कुणी आहे का, विचारलं.
बाबा उठले, खोकले,
खाली बसले.

मग लिलाव. तरुण संघाचा आमोस घसा फाडून ओरडत होता.
दुधी दोनशेला गेला.
घेणाऱ्यानं तो पुन्हा चटईवर ठेवला;
आमच्यात तशी रीत आहे,
घेतलेलं परत द्यायचं, की पुन्हा बोली.
तीनशे दहा. परत.
शिनगारे आजोबा पन्नास म्हणाले
आणि त्यांच्यावर कुणी बोललंच नाही. परत.
चौथ्यांदा बाबा म्हणाले, पाचशे.
स्वतःच आणलेल्या दुधीला!
मी बाही ओढली.
त्यांनी नोट काढली, खिडकीच्या निळ्या काचेकडे धरली,
सवयीनं पाण्यातली खूण बघितली,
देऊन टाकली.
दुधीच्या देठावरून अंगठा फिरवला एकदा.
परत ठेवला.

शेवटी वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना तो वीस रुपयांत मिळाला.
त्यांनी मात्र परत ठेवला नाही.
पिशवीत घातला; पोरांची रात्रीची भाजी झाली.

आशीर्वादाला सगळ्या माना खाली गेल्या.
मी डोळे उघडेच ठेवले होते, म्हणून दिसलं.
बाबांचे दोन्ही हात वर, तळवे उघडे,
पाय जरासे फाकलेले,
अगदी प्रेसच्या फाटकाशी उभे राहायचे तसे.
बघ, तुझं काही लपवून नेत नाही.
की, आहे ते सगळं तुझंच, बघ?
यातलं ते कुठलं म्हणत होते
मी विचारलं नाही.
कोंबडी गप्प होती. माझी मान
कधी खाली गेली ते आठवत नाही.

परतताना त्यांनी टपरीशी रिक्षा थांबवली.
दोन लिमलेटच्या गोळ्या.
एक मला.
दुसरी मुठीत घेऊन ते थोडा वेळ बसून राहिले,
मग पुढे वाकून रिक्षावाल्याला दिली.
"ही कशाबद्दल, काका?"
"घे रे," बाबा म्हणाले. "घे."