बाहीचं माप

कोर्टनाक्यावर वकीलबाई विचारते,
पुरावा म्हणून काय आहे तुमच्याकडे?
मी पिशवीतून काढते
मापांची वही.
लाल कापडी बांधणी, कडा तेलकट,
मध्ये कुठेतरी एक टाचणी अजून टोचते.

ती हसते. हसू दे.
मीही हसले असते सात वर्षांपूर्वी,
तेव्हा राममारुती रोडवर माझ्या काचेत
तीन बिनडोक्याच्या पुतळ्या उभ्या असत
आणि मी त्यांना म्हणायचे, माझ्या मुली.

पान अडुसष्ट. चौबळ, इरावती.
छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, बाही पाच.
लग्नातला ब्लाउज, मोतिया, पाठीला नाडी,
नाडीच्या टोकाला घुंगरू हवंच, असा हट्ट.
त्याच वर्षीचा गणपती: बाही नऊ.
पुढची संक्रांत: साडेतेरा.
मग कुणाची तरी मुंज, ऐन मे महिना,
बाही एकवीस, गळा बंद.
शेऱ्याच्या रकान्यात माझंच अक्षर:
अस्तर जाड. आरपार दिसू नये.

माप घेताना ती श्वास धरायची.
मी म्हणायचे, सोडा हो श्वास,
नाहीतर ब्लाउज खोटा बेततो.
टेप दंडाभोवती फिरली की तिची नजर
आरशातून निघून पंख्याकडे जायची.
मला काय दिसलं? सिल्हूट दिसली.
लांब बाही परत येतेय, एवढं दिसलं.
त्या दिवाळीत मी अख्खं कलेक्शन काढलं,
नाव ठेवलं 'आवरण'.
वाशीच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस,
पेपरात फोटो: मी, आणि तेरा मॉडेल
मनगटापर्यंत झाकलेल्या.

रज्जाकमास्तर एकदाच बोलले,
कात्री न थांबवता,
"मॅडम, उन्हाळ्यात एवढी बाही
फॅशन मागत नाही."
मी म्हटलं, मास्तर, तुम्ही कापा.

एका बुधवारी ती न कळवता आली.
ट्रायल रूममध्ये गेली ती बाहेर येईना.
पडद्याखाली पावलं दिसत होती,
चप्पल एकाच पायात.
मी पडद्याशी उभी,
गळ्यात दीडशे सेंटिमीटरची टेप,
तोंडात शब्द नाही.
शेवटी सगुणा भोईर, माझी हातशिलाईवाली,
सरळ आत शिरली.
"कुणी केलं गं?"
चार वर्षं मला न सुचलेले तीन शब्द.

त्या रात्री वही पहिल्या पानापासून वाचली.
इरावती एकटी नव्हती.
एक घोडबंदरची, एक कळव्याची,
एक तर डॉक्टर, पाचपाखाडीत पाटी आहे तिची.
सगळ्यांच्या बाह्या वाढत गेलेल्या,
वेलीसारख्या, म्हणणार होते. नको.
वेल उजेडाकडे जाते.

आता पुतळ्या वागळे इस्टेटच्या गोदामात पडल्यात.
काचेवर फोन नंबर, सगुणाने रंगवलेला,
सातचा आकडा जरा कललाय.
मंगळवारी, शुक्रवारी बायका येतात.
मशीन ठेवलंय, शिवतोही खरंच,
कारण परत जाताना हातात
घरी दाखवायला ब्लाउज लागतो.
जुनी गिऱ्हाइकं मला पाहून रस्ता ओलांडतात.
आई फोनवर विचारते,
"पण फॉल-पिको तरी चालू आहे ना?"

वकीलबाई चाळते. हसणं केव्हाच थांबलंय.
बाहेर टंकलेखकांच्या टेबलांवर
लोकांची गाऱ्हाणी खडखडताहेत,
माझ्या जुन्या कारखान्यासारखी.
हे अक्षर तुमचं?
माझंच.
मग समोरचा वकील विचारेल, तुम्हाला माहीत होतं?
तयारी करून ठेवा.

नव्हतं म्हणू, तर वही आहे.
होतं म्हणू, तर बक्षीस आहे,
अजून शोकेसच्या वरच्या फळीत.
मी तोंडातल्या तोंडात घोकते:
माहीत नव्हतं, मोजलं होतं.
ऐकायला बरं वाटतं.
म्हणूनच बहुधा पुरेसं नाही.

बाकावर शेजारी इरावती
पदर सावरत विचारते, टाचणी आहे का हो?
मी वही मागून घेते,
पानं चाचपते.