काचपट्टी

विश्वामित्रीच्या पुलाखालून
भिखा माछीने आणून दिलेला मासा.
रक्ताचा थेंब काचेवर ओढला,
वाळवला, रंगवला.

हजार पेशी मोजायच्या.
प्रत्येकीत केंद्रक एकच असावं,
टिकलीएवढं, मधोमध.
चाळिसाव्या पेशीत दिसला
आणखी एक ठिपका, बाजूला सांडलेला.
मग पुन्हा.
मग मान वर केलीच नाही.

सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता,
मोरपिशी, बघत राहावं असा.
भिखा म्हणाला, "बेन, आ तो रोजनुं."
मासा तर धडधाकट, खवले लखलखीत,
मीही घेतला असता विकत.

वहीत आकडा लिहिला: सदतीस.

घरी आले, तर दिघेवहिनींनी
पाठवलेलं कालवण, अर्धं संपलेलं.
मासा कुठला, विचारायला
त्यांच्या दारापर्यंत गेले, परतले.
लेक जेवून झोपली होती,
बोटांना अजून हळदीचा वास.