अंबाडी

अल ऐन. बाहेर सेहेचाळीस, आत काचेच्या नळीत सदतीस.
पोलादी आकड्यांत अडकवलेलं
उंदराच्या महाधमनीचं एक कडं, तीन मिलिमीटर,
अजून ओढ धरून.

आधी ते आवळायचं. औषधाचे चार थेंब,
आणि पडद्यावरची रेघ चढते,
रात्री दोनला गावाकडून फोन आला की
छातीत काहीतरी चढतं तशी.
मग ती सपाट होईपर्यंत वाट बघायची.

इद्रिसच्या आईने ओमदुर्मानहून पाठवलेली लाल बोंडं
मीच उकळली, गाळली, भुकटी केली.
'करकदे,' तो म्हणाला.
पण वासाने नाव आधीच सांगितलं होतं:
अंबाडी. लसणाची फोडणी, ज्वारीच्या कण्या.
आणि तिचाच वाख नाना मांडीवर वळायचे,
दावं इतकं पक्कं
की गोऱ्ह्याच्या मानेवर वळ उठायचा.

थेंब सोडला.
रेघ थबकली. मग उतरू लागली,
अंधारात जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी,
पायरी चाचपत.

वहीत लिहिलं: शिथिलन, एकसष्ट टक्के.
उरलेला उंदीर पिशवीत, पिशवी फ्रीझरमध्ये, क्रमांक चौदा.

इद्रिसने विचारलं, तुमच्याकडे हिचं काय करतात?
'दोर,' मी म्हटलं.
भाजीचं सांगायचं राहूनच गेलं.