दर तीस ग्रॅममध्ये

नऱ्ह्यातल्या कार्टन-छपाईत माझं काम एवढंच:
खोक्याच्या पाठीवरचा तक्ता वाचायचा
मूळ कागदाशी ताडून.
ऊर्जा एकशे सोळा किलोकॅलरी.
साखर नऊ पूर्णांक सहा.
लोह चार पूर्णांक दोन, मिलिग्रॅम.
पुढच्या बाजूचं अस्वल, त्याचा चमचा,
दुधाचा उडालेला थेंब,
हे सगळं डिझाइनवाल्या पोराकडे.
माझ्याकडे पाठ.

एकदा टिंब निसटलं होतं,
लोह बेचाळीस झालं,
चाळीस हजार खोकी रद्दीत गेली
आणि त्याबरोबर माझा ओव्हरटाइम.
तेव्हापासून टिंबावर बोट टेकवून वाचते,
कुंकू लावावं तसं.

सगळ्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात:
दर तीस ग्रॅममध्ये.
आठ वर्षं वाचलं.
तीस ग्रॅम म्हणजे केवढं, ते नाही पाहिलं.

रविवारी जुईनं वाडगा भरला, तिच्या मनानं.
मी तो तसाच उचलून काट्यावर ठेवला,
भाजणी मोजायच्या.
सत्तर.
गॅसच्या बिलामागे हिशेब केला:
साखर बावीस पूर्णांक चार,
सपाट साडेपाच चमचे,
वर ती दुधात साखर मागते ती वेगळी.
मग तीस ग्रॅम मोजून दाखवले
तर म्हणाली, "हे कुणाचं? चिमणीचं?"

शाळेतून प्रयोग दिला होता.
चुरा करा, कोमट पाण्यासकट पिशवीत घाला,
बाहेरून चुंबक फिरवा.
चुंबक अण्णांचा होता घरात,
घोड्याच्या नालासारखा, लाल रंग उडालेला.

भोसरीत एकतीस वर्षं लेथवर.
आडनाव तांबे आणि जन्मभर लोखंड,
हा विनोद ते स्वतःच करून टाकत,
दुसऱ्या कुणी करायच्या आत.
रात्री आई त्यांच्या सदऱ्यावरून चुंबक फिरवायची,
नाहीतर धुताना कीस बोटात शिरायचा.
चुंबकाला दाढी यायची.
आम्ही भावंडं ती ओढायला भांडायचो.

आता पिशवीच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या आतून,
तशीच काळी काहीतरी सरकत आली.
दाढी नाही. मिसरूड.
"हे खायचं असतं?" जुई.
असतं, म्हटलं.
पोटातल्या आम्लात विरघळतं,
थोडं रक्तात जातं, बाकीचं
जातं.
"थोडं म्हणजे किती?"
ते तक्त्यात नसतं, बाळा.
तक्ता खोक्यात काय आहे ते सांगतो.

खाल्लेलं अंगी लागायला हवं, आई म्हणायची
डब्यात तिसरी भाकरी कोंबताना.
अण्णांच्या अंगाला लोखंड लागलं होतं,
मानेच्या घडीत, नखांत, कानामागे.
अंगी लागलं नव्हतं.
शेवटच्या वर्षी वायसीएमला दोन बाटल्या रक्त चढवलं
तेव्हा हसून म्हणाले, गंजलो वाटतं.

सत्तर ग्रॅममध्ये लोह: नऊ पूर्णांक आठ.
फ्रिजच्या दारावर माझा मंगळवारचा रिपोर्ट,
हिमोग्लोबिन: नऊ पूर्णांक आठ.
एककं वेगळी आहेत.
एककं वेगळी असली की आकडे ताडायचे नसतात,
नव्या पोरींना मीच शिकवते हे.
तरी दोन्ही टिंबांवर
एकेक बोट ठेवून उभी राहिले थोडा वेळ.

जुईनं वाडगा तोंडाला लावून
चॉकलेटी दूध संपवलं,
मिशी पुसली, खेळायला गेली.
तळाचा लगदा मी ओट्याशी उभ्यानंच खाल्ला,
टाकवत नाही म्हणून.
चमचाभर असेल. नाही मोजला.

सोमवारी टेबलावर नवं प्रूफ.
अस्वलाच्या हातात आता आणखी मोठा वाडगा,
काठोकाठ.
मी खोकं उलटं केलं.
दर तीस ग्रॅममध्ये.
ऱ्हस्व-दीर्घ ठीक. टिंबं जागेवर.
सही केली.